‘इन कॅमेरा’ म्हणजे कॅमेऱ्यासमोर नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर गेल्या आठवड्यात एकाच दिवशी दोन बातम्या शेजारीशेजारी छापून आल्या. पहिल्या बातमीत, अल्पवयीन मुलीवरील अत्याचाराच्या खटल्यात पीडितेची साक्ष ‘इन कॅमेरा’ होणार असल्याचे म्हटले होते. दुसऱ्या बातमीत, कोठडीत मरण पावलेल्या एका तरुणाच्या नातेवाइकांनी त्याचे शवविच्छेदन ‘इन कॅमेरा’ करावे अशी मागणी केल्याचे म्हटले होते. पहिल्या ठिकाणी या शब्दांचा अर्थ होता दार लावून घेऊन, बाहेरच्या कोणालाही आत न घेता. दुसऱ्या ठिकाणी अर्थ होता चित्रीकरण करून, म्हणजे आत जे घडले ते पुढे इतरांनाही पाहता यावे अशा रीतीने. एकाच पानावर एकच शब्दप्रयोग थेट विरुद्ध अशा दोन अर्थांनी वापरला गेला, आणि कुठे कोणता अर्थ घ्यायचा हे वाचकावर सोपवले गेले. लॅटिनमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून आपल्या वर्तमानपत्रांत जसेच्या तसे उतरणाऱ्या अशा शब्दांविषयी मला काही सांगायचे आहे. पत्र लांबले आहे याची जाणीव आहे. तरी ते काटछाट न करता छापावे, अशी विनंती आहे.

मी जिल्हा न्यायालयात सव्वीस वर्षे अनुवादक म्हणून नोकरी केली. साक्षीपुरावे, दस्तऐवज, अर्ज आणि निकालपत्रे मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत आणणे हेच माझे रोजचे काम होते. निवृत्तीच्या दोन-तीन वर्षे आधी एके दिवशी, कामकाज सुरू होण्यापूर्वी, एक बाई माझ्या टेबलाजवळ येऊन उभ्या राहिल्या. हातात चार घड्या घातलेले वर्तमानपत्र होते. त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलीची साक्ष दुसऱ्या दिवशी व्हायची होती. ‘‘साहेब, केस काढून घ्यायची म्हटलं तर कुणाला भेटायचं?’’ असे त्यांनी विचारले. मी कारण विचारले, तेव्हा त्यांनी घडी उलगडून बातमीवर बोट ठेवले आणि म्हणाल्या, ‘‘माझ्या लेकीचं शूटिंग घेणार आहेत. ती काय काय सांगंल ते सगळं कॅमेऱ्यात धरणार. उद्या ते गावभर फिरलं तर?’’ त्यांची ही समजूत निराधार नव्हती. महिनाभरापूर्वीच शेजारच्या गावातील एका विवाहितेच्या मृत्यूनंतर ‘इन कॅमेरा’ शवविच्छेदन झाले होते, ते खरोखरच व्हिडिओवर घेतले गेले होते, आणि ती बातमीही त्यांनी त्याच वर्तमानपत्रात वाचली होती. ज्या शब्दाचा अर्थ महिन्यापूर्वी चित्रीकरण असा होता, त्याच शब्दाचा अर्थ आज बंद दार असा आहे, हे त्यांना कोण सांगणार होते?

मी त्यांना सरकारी वकिलांकडे घेऊन गेलो. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करण्यासाठी २०१२ साली जो कायदा झाला, ज्याला आपण सगळे ‘पोक्सो’ म्हणतो, त्याच्या कलम ३७ प्रमाणे विशेष न्यायालयाने असा खटला बंद दालनात आणि मुलाच्या आईवडिलांच्या किंवा त्याचा विश्वास असलेल्या व्यक्तीच्या उपस्थितीत चालवायचा असतो. म्हणजे जी तरतूद त्या मुलीच्या संरक्षणासाठी होती, जिच्यामुळे आईला तिच्याजवळ बसता येणार होते, तिच्याच नावाने ती आई घाबरून माघार घ्यायला आली होती. सरकारी वकिलांनी सगळे समजावून सांगितल्यावरही बाईंनी तीनदा विचारून घेतले, ‘‘म्हणजे कॅमेरा नाही ना?’’ दुसऱ्या दिवशी साक्ष झाली. त्या बाई माझ्या टेबलापर्यंत आल्या म्हणून हे निभावले. ज्या तिथवर पोहोचत नाहीत, त्यांचे काय होत असेल या विचाराने मी आजही अस्वस्थ होतो. येथे हेही सांगितले पाहिजे की याच कायद्याच्या कलम २६ मध्ये मुलाचा जबाब शक्य तेथे दृक्‌श्राव्य साधनांनी नोंदवण्याची निराळी तरतूद आहे. एकाच कायद्यात दोन्ही गोष्टी आहेत, आणि म्हणूनच त्या दोहोंसाठी दोन निरनिराळे शब्द असणे अत्यावश्यक आहे.

लॅटिन भाषेत ‘कामेरा’ म्हणजे कमानदार छताची खोली. ग्रीकमधून लॅटिनमध्ये आलेला हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत जाताना ‘चेंबर’ झाला, आणि न्यायाधीशांच्या चेंबरमध्ये, म्हणजे खुल्या न्यायालयाऐवजी खोलीत, जी सुनावणी होते तिला इंग्रज वकील लॅटिनमध्ये ‘इन कॅमेरा’ म्हणू लागले. छायाचित्रे काढण्याच्या यंत्राला हे नाव मिळाले ते ‘कामेरा ऑब्स्कुरा’ म्हणजे ‘अंधारी खोली’ या जुन्या उपकरणावरून. एका अंधाऱ्या खोलीला बारीक छिद्र ठेवले की समोरच्या भिंतीवर बाहेरच्या दृश्याची उलटी प्रतिमा उमटते, हे लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. त्या खोलीची पुढे पेटी झाली, पेटीचे यंत्र झाले आणि नावातली ‘अंधारी’ गळून नुसती ‘खोली’ उरली. याच शब्दाचे पोर्तुगीज रूप आपल्याकडे समुद्रमार्गे आले आणि त्याचा ‘कमरा’ झाला. तेव्हा ‘इन कॅमेरा’ या दोन शब्दांचे शब्दशः मराठी भाषांतर करायचे झाले, तर ते ‘कमऱ्यात’ असे होते. शब्द आपल्या घरात असताना आपण तो इंग्रजी उच्चारात परत मागवला, आणि मग त्याचा अर्थ यंत्रावरून लावला.

शवविच्छेदनाच्या चित्रीकरणाची गरज खरी आहे, हे मी नाकारत नाही. कोठडीतील मृत्यूंच्या शवविच्छेदनाचे चित्रीकरण करावे, अशी शिफारस राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने १९९५ साली राज्यांना केली होती, आणि नातेवाइकांनी तशी मागणी करणे रास्तच आहे. पण मग ‘चित्रीकरणासह शवविच्छेदन’ असे लिहायला काय हरकत आहे? शीर्षकात जागा कमी असते, हे उत्तर मला एका तरुण वार्ताहराने दिले होते. ‘व्हिडिओसह शवविच्छेदन’ लिहावे. तेही सर्वांना समजते. आणि न्यायालयाच्या बाबतीत ‘बंद दालनात साक्ष’ किंवा ‘बंद दाराआड सुनावणी’ लिहावे. यात क्लिष्ट काहीच नाही.

ज्यांच्याकडून आपण हे शब्द घेतले, त्यांनी त्यांचे काय केले हे पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये १३६२ साली कायदा झाला की न्यायालयातील वादविवाद इंग्रजीत व्हावेत. कारण तोपर्यंत ते फ्रेंचमध्ये चालत आणि लोकांना आपल्याविरुद्ध किंवा आपल्या बाजूने काय बोलले जात आहे हेच कळत नसे. मात्र त्याच कायद्याने नोंदी लॅटिनमध्ये ठेवण्याचे ठरवले. पुढे राजसत्ता उलथवली गेली त्या काळात, १६५० साली, कायद्याची पुस्तके आणि न्यायालयीन कागदपत्रे इंग्रजीत करण्याचा हुकूम निघाला, पण १६६० साली राजा परत आला आणि लॅटिनही परत आले. अखेर १७३१ साली पार्लमेंटने पुन्हा कायदा केला आणि २५ मार्च १७३३ पासून न्यायालयांचे कागद इंग्रजीतच लिहिले जाऊ लागले. पण पाठोपाठ आणखी एक कायदा करून रूढ तांत्रिक शब्द लॅटिनमध्येच ठेवण्याची मुभा देण्यात आली, कारण त्यांचे इंग्रजी भाषांतर धड होत नाही, अशी तक्रार होती. ‘हेबियस कॉर्पस’सारखे शब्द या फटीतून राहून गेले, आणि इंग्रजी कायद्याबरोबर ते मुंबईत, मद्रासेत, कलकत्त्यात आले.

मात्र इंग्रज तेथेच थांबले नाहीत. तेथील न्यायाधीश लॉर्ड वूल्फ यांच्या १९९६ च्या अहवालानंतर तेथे दिवाणी प्रक्रियेचे नवे नियम झाले आणि २६ एप्रिल १९९९ पासून लागू झाले. त्या नियमांत ‘इन कॅमेरा’ नाही. तेथे ‘खासगीत’ अशा अर्थाचा साधा इंग्रजी शब्द आहे. ‘एक्स पार्टे’ गेले आणि ‘नोटीस न देता’ असे आले. ‘सबपीना’ची जागा साक्षीदाराच्या समन्सने घेतली. २००४ साली ‘सर्शिओरारी’ आणि ‘मँडेमस’ या दोन जुन्या आदेशांनाही तेथे ‘रद्द करणारा आदेश’ आणि ‘अमुक करण्यास भाग पाडणारा आदेश’ अशा अर्थाची इंग्रजी नावे मिळाली. लंडनमधील सामान्य पक्षकाराला लॅटिन कळत नाही, म्हणून तेथील न्यायालयांनी ते काढून टाकले. आपण मात्र तेच शब्द मराठी वाचकापुढे, इंग्रजी उच्चारात आणि देवनागरी लिपीत ठेवत आहोत. त्याला मूळ लॅटिनही येत नाही आणि इंग्रजी शब्दकोशातही तो हे शब्द शोधू शकत नाही, कारण ‘सुमोटो’ हे कोणत्या अक्षरांनी शोधायचे हेच त्याला माहीत नाही.

‘सुमोटो’चा विषय निघालाच आहे, तर त्याविषयी अधिक स्पष्टपणे लिहितो. मूळ शब्द दोन आहेत, ‘सुओ’ आणि ‘मोतू’. ‘सुओ’ म्हणजे स्वतःच्या. हा शब्द आणि संस्कृतातील ‘स्व’ एकाच मुळाचे आहेत. ‘मोतू’ म्हणजे हालचालीने, प्रेरणेने. दोन्ही मिळून अर्थ झाला ‘स्वतःच्या प्रेरणेने’. कोणीही अर्ज केलेला नसताना न्यायालयाने एखाद्या घटनेची आपण होऊन दखल घेतली की हे शब्द वापरतात. वार्तांकनात त्याचे ‘सुमोटो’ झाले, आणि आता ‘न्यायालयाने सुमोटो दाखल केली’, ‘सुमोटोद्वारे स्वतःहून दखल घेतली’ अशी वाक्ये मी आपल्याच दैनिकात वाचली आहेत. पहिल्या वाक्यात तो याचिकेचा एक प्रकार झाला आहे, आणि दुसऱ्या वाक्यात एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे. ‘उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली’ हे वाक्य त्याहून लहान, शुद्ध आणि संपूर्ण आहे. आपल्या भाषेत जो शब्द आजी नातवालाही वापरते (‘‘स्वतःहून उठलास का रे?’’), तो बाजूला सारून आपण दोन शब्दांचा चुरा करून बनवलेला तिसराच शब्द वापरतो, याचे मला मनापासून दुःख होते.

मराठी वर्तमानपत्रांना हे जमत नाही असे मात्र कोणी म्हणू नये. किंबहुना याच वर्तमानपत्रांनी आणि शासनाच्या भाषा संचालनालयाने मिळून हे काम इतके सुरेख केले आहे की त्याची आज आपल्याला जाणीवही राहिलेली नाही. ‘सब ज्युडिसे’ म्हणजे न्यायाधीशाच्या हाताखाली असलेले. त्यासाठी ‘न्यायप्रविष्ट’ हा शब्द आज गावच्या सरपंचाच्याही तोंडी आहे. ‘प्रायमा फेसी’ म्हणजे पहिल्या दर्शनाला. आपण ‘प्रथमदर्शनी’ म्हणतो, आणि ते मूळ लॅटिनच्या अगदी शब्दाला शब्द लावून केलेले आहे. ‘एक्स ऑफिशिओ’साठी ‘पदसिद्ध’, ‘अ‍ॅड हॉक’साठी ‘तदर्थ’, ‘एक्स पार्टे’साठी ‘एकतर्फी’, ‘पर कॅपिटा’साठी ‘दरडोई’ हे सारे शब्द किती नेमके आहेत पाहा. ‘पर कॅपिटा’चा शब्दशः अर्थ ‘डोक्यांप्रमाणे’ असाच आहे, आणि आपला ‘दरडोई’ही डोईच मोजतो. पत्र संपल्यावर खाली जे लिहितो त्याला इंग्रज लॅटिनमध्ये ‘नंतर लिहिलेले’ असे म्हणतात. आपण ‘ताजा कलम’ म्हणतो, आणि तो अधिक जिवंत शब्द आहे असे माझे मत आहे. ‘स्टेटस को’साठी ‘जैसे थे’ हे मराठी व्याकरणात बसत नाही, असा आक्षेप मी ऐकला आहे. परंतु न्यायालयाने ‘जैसे थे’चा आदेश दिला म्हणजे बांधावर आहे ते आहे तसे राहील, हे जमिनीच्या वादातील प्रत्येक पक्षकाराला पहिल्या झटक्यात कळते, आणि शब्दाकडून याहून जास्त अपेक्षा मी करत नाही.

या सर्वांत मला सर्वांत प्रिय आहे ते ‘द.सा.द.शे.’ शाळेत सरळव्याजाची गणिते सोडवताना आपण सर्वांनी ही अक्षरे गिरवली आहेत. दर साल दर शेकडा. इंग्रजीत व्याजाचा दर सांगताना जे दोन लॅटिन शब्दप्रयोग वापरले जातात, ‘पर सेंट’ आणि ‘पर अ‍ॅनम’, त्यांचे हे तंतोतंत मराठी रूप आहे. ‘सेंटम’ म्हणजे शंभर आणि ‘अ‍ॅनम’ म्हणजे वर्ष. खेड्यातील शाळेत चौथी-सातवी शिकून शेतीला लागलेला माणूसही सोसायटीच्या कर्जाच्या कागदावर ‘द.सा.द.शे. १२’ पाहिले की आपल्याला किती व्याज भरावे लागेल याचा हिशेब मनातल्या मनात करतो. त्या कागदावर लॅटिन असते तर तो अंगठा उठवून मोकळा झाला असता.

काही वकील मित्र म्हणतात की कायद्याच्या शब्दांत नेमकेपणा असतो, आणि भाषांतरात तो हरवतो. ही भीती मला मान्य आहे, कारण मी स्वतः ती चूक केली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका दरखास्तीच्या, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीच्या, कामात जप्तीच्या हुकमाचा मराठी तर्जुमा माझ्याकडे आला. मूळ इंग्रजीत प्रतिवादीची जंगम मालमत्ता असे लिहून पुढे ‘आय. ई.’ ही अक्षरे होती आणि त्यानंतर एक फ्रिज, दोन लोखंडी कपाटे आणि एक शिलाई मशीन असा तपशील होता. ही अक्षरे लॅटिनमधील ‘इद एस्त’ची आहेत, म्हणजे ‘ते म्हणजे’. त्यापुढे येणारी यादी पूर्ण असते, तीत भर घालता येत नाही. ‘ई. जी.’ ही अक्षरे मात्र ‘एक्झेम्प्ली ग्रातिया’ची, म्हणजे ‘उदाहरणादाखल’. त्यापुढील यादी नमुन्यापुरती असते. मी या दोहोंत गल्लत केली आणि तर्जुम्यात ‘उदा.’ लिहिले. सुदैवाने जप्तीला निघालेल्या बेलिफाने कागद वाचला आणि तो थेट माझ्याकडे आला. ‘‘भाऊसाहेब, उदाहरणार्थ म्हणजे आणखी काय काय उचलायचं?’’ असे त्याने विचारले. तो न विचारता गेला असता, तर एका घरातील भांडीकुंडीसुद्धा माझ्या दोन अक्षरांमुळे टेम्पोत चढली असती. ती चूक मी तेथल्या तेथे दुरुस्त केली, आणि त्या दिवसापासून लॅटिन शब्द दिसला की त्याचा मूळ अर्थ वहीत लिहून ठेवल्याशिवाय पुढे गेलो नाही. त्यातून मला हेच दिसले की नेमकेपणा हरवतो तो भाषांतर केल्यामुळे नव्हे. अर्थ न पाहता केल्यामुळे हरवतो.

अर्थ न कळता वापरलेले शब्द कसे भरकटतात, याचे उदाहरण खुद्द इंग्रजीत आहे. जुन्या काळी इंग्लंडमधील ज्युरीपुढे आरोपपत्र आले आणि त्यात पुरेसा पुरावा दिसला नाही, की त्याच्या पाठीवर ‘इग्नोरॅमस’ असा शेरा मारत. हे लॅटिन क्रियापद आहे. त्याचा अर्थ ‘आम्हांला माहीत नाही’ असा होतो, आणि तेथे त्याचा आशय ‘आम्ही याची दखल घेत नाही’ असा होता. १६१५ साली केंब्रिजमध्ये राजा पहिला जेम्स याच्यासमोर झालेल्या एका नाटकात एका अडाणी वकिलाला हेच नाव दिले होते, आणि त्यानंतर इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ‘अज्ञानी माणूस’ असा रूढ झाला. ‘अ‍ॅफिडेव्हिट’ हेही असेच क्रियापद आहे, ‘त्याने शपथेवर सांगितले आहे’; आज ते स्टॅम्पपेपरचे नाव असावे असे तहसील कचेरीबाहेरच्या रांगेत वाटते. ‘ऑम्निबस’ या शब्दाची कथा तर आपल्याला विशेष जवळची वाटावी. ‘ऑम्निबस’ म्हणजे ‘सर्वांसाठी’. लंडनमध्ये १८२९ साली जॉर्ज शिलिबीअर याने या नावाची घोडागाडी सुरू केली, आणि पुढे लोकांनी नावाचे शेपूट तेवढे ठेवले, ‘बस’. म्हणजे बस हा शब्दच नव्हे. तो चतुर्थीच्या अनेकवचनाचा प्रत्यय आहे, आणि संस्कृतात ‘सर्वेभ्यः’ म्हणताना जो ‘भ्यः’ येतो त्याचा तो सख्खा भाऊ आहे. विभक्ती आणि प्रत्यय पाठ करून लहानाचे मोठे झालेल्या आपल्याला लॅटिन परके वाटण्याचे कारण नाही. फक्त कोणीतरी तिचा अर्थ सांगायला हवा.

बस किंवा इग्नोरॅमस यांचे अर्थ बदलल्याने कोणाचे नुकसान झाले नाही. शाळेतल्या ‘बोनाफाईड’बद्दलही माझी तक्रार नाही. लॅटिनमध्ये ‘बोना फिदे’ म्हणजे ‘सद्भावनेने’; आपल्याकडे त्याचा अर्थ विद्यार्थी असल्याचा दाखला असा झाला आहे, ‘‘उद्या बोनाफाईड काढून आण’’ असे आई मुलाला सांगते आणि मुलगा बरोबर तोच कागद आणतो. तो शब्द आता मराठी झाला. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ खाली घरमालकाच्या गरजेवरून जागा खाली करून मागण्याचा दावा होतो, आणि बातमीत ‘मालकाची बोनाफाईड गरज’ असे छापून येते, तेव्हा भाडेकरूला वाटते की मालकाने कुठून तरी कसला तरी दाखला मिळवला आहे. तेथे ‘खरी आणि प्रामाणिक गरज’ असेच लिहिले पाहिजे, कारण ती गरज खरी नाही हे सिद्ध करण्याची संधी त्या भाडेकरूला आहे, आणि ती आहे हे त्याला शब्दांतून कळले पाहिजे.

अगदी संस्कृतप्रचुर शब्द आणून लॅटिन हटवावे, असेही मी सुचवत नाही. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद ३२ आणि २२६ मध्ये जे पाच प्राधिलेख (रिट) सांगितले आहेत, त्यांची मराठी नावे देहोपस्थिती, महादेश, प्रतिषेध, क्वाधिकार आणि प्राकर्षण अशी आहेत. यांतील ‘देहोपस्थिती’ मला फार योग्य वाटतो. ‘हेबियस कॉर्पस’चा अर्थ ‘तू त्या व्यक्तीचा देह हजर ठेवावास’ असा आहे; बंदिवान करून ठेवणाऱ्याला उद्देशून दिलेली ती आज्ञा आहे, आणि या मराठी शब्दात देहही आहे आणि हजेरीही. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने, आणीबाणीत या अर्जाचा मार्गच बंद असल्याचे सांगितले होते. तो निर्णय चूक होता असे नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ साली जाहीर केले. न्या. हंसराज खन्ना यांनी एकट्याने कशाच्या बाजूने मत दिले होते, हे ज्या वाचकाला ‘देहोपस्थिती’ समजते त्याला लगेच उमगेल. ‘प्राकर्षण’ मात्र मी सव्वीस वर्षांत कोणाच्याही तोंडून ऐकला नाही. तेथे ‘खालच्या न्यायालयाचा आदेश मागवून घेऊन रद्द करावा, असा अर्ज’ हे सरळ वाक्य लिहावे. एका शब्दासाठी एकच शब्द हवा, हा हट्ट कोशकाराचा असतो. वार्ताहराला वाक्य लिहिण्याची मोकळीक आहे.

महाराष्ट्रात जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी असल्याचे शासनाने १९९८ सालीच जाहीर केले. निकाल मराठीत लिहिणारे न्यायाधीश मी पाहिले आहेत, आणि त्यांनी ‘इन कॅमेरा’ऐवजी ‘बंद दालनात’ असे स्वच्छ लिहिलेलेही पाहिले आहे. त्याच निकालाची बातमी दुसऱ्या दिवशी येते तेव्हा त्यात पुन्हा लॅटिन उगवलेले असते, कारण वार्ताहर निकाल न वाचता वकिलांना फोन करून माहिती घेतो आणि वकील आपापसांत बोलतात त्याच भाषेत सांगतात. वकिलांनी आपापसांत काय बोलावे हा त्यांचा प्रश्न आहे. ‘‘लोकस नाही’’ (म्हणजे दाद मागण्याचा हक्कच नाही), ‘‘कॅव्हेट टाकले आहे’’ हे त्यांचे धंद्याचे बोलणे आहे आणि ते तसेच राहील. पण ‘कॅव्हेट’ म्हणजे ‘सावध असावे’ असा मूळ अर्थ असून, आपले म्हणणे ऐकल्याशिवाय समोरच्याला मनाई हुकूम देऊ नये यासाठी आधीच दाखल केलेला तो अर्ज असतो, हे छापायला एक ओळ पुरते. ती ओळ संपादकीय विभागातच लिहिली गेली पाहिजे. वाचक ती स्वतः लिहू शकत नाही.

माझ्या वर उल्लेख केलेल्या वहीत अशा शब्दांच्या दीडशेहून अधिक नोंदी आहेत. प्रत्येक नोंदीत मूळ शब्द, लॅटिनमधील त्याचा शब्दशः अर्थ, इंग्रजी न्यायालयांत त्याला आलेला अर्थ, ज्या कागदात तो मला भेटला ते वाक्य, आणि त्या वेळच्या न्यायाधीशांनी किंवा ज्येष्ठ वकिलांनी मान्य केलेला मराठी पर्याय असे क्रमाने लिहिलेले आहे. काही ठिकाणी दोन पर्याय आहेत आणि कोणता का टाकला हेही नोंदवले आहे. आपल्या वृत्तसंपादकांना ती उपयोगी पडणार असेल, तर तिची छायाप्रत आपल्या जिल्हा कार्यालयात स्वतः आणून देण्याची माझी तयारी आहे. ‘इन कॅमेरा’ची नोंद पान ३१ वर आहे.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त न्यायालयीन अनुवादक